ओव्हनच्या पॅनेलवर एरर आला, तर बोर्ड बदलण्याआधी हे बघा

साताऱ्यात पाऊस लागला की भिंतीत बसवलेल्या ओव्हनच्या तक्रारी सुरू होतात. पॅनेलवर कम्युनिकेशन एररचा कोड येतो, बटणं दाबली तरी ढिम्म. कम्युनिकेशन एरर म्हणजे समोरचा डिस्प्ले बोर्ड आणि मागचा पॉवर बोर्ड यांचं एकमेकांशी बोलणं तुटलंय. दोन्ही बोर्ड धडधाकट असतील, मधली वायरच रुसलेली असेल, असंही होतं.

आधी ओव्हनचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडून दहा मिनिटं थांबा. लाइट जाऊन-येऊन नुसता गोंधळ झाला असेल तर एवढ्याने सुटतं. कोड परत आला तर एमसीबी बंदच ठेवा, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करा आणि मगच पॅनेल उघडा. आत २३० व्होल्ट आहेत. ओव्हन मायक्रोवेव्हवाला असेल तर अजिबात उघडू नका. त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जोरदार झटका देऊ शकतो.

आता दोन बोर्डांमधल्या वायरची दोन्ही टोकं नीट बघा. फोटो काढून कनेक्टर सोडवा. पिनांवर हिरवट थर, झुरळांची घाण, उंदराने कुरतडलेली वायर? थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या. मग दोन्ही टोकं मोकळी असतानाच मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक तार तपासा, तपासताना वायर हलवत राहा. बीप मध्येच तुटली तर दोष तारेतच, फक्त हार्नेस, म्हणजे ही जोडणारी वायर, बदला.

सगळ्या तारा ठीक निघाल्या तर कनेक्टर घट्ट बसवा; तरीही कोड आला तरच बोर्डावर संशय घ्या. पुढची तपासणी सप्लाय चालू ठेवून करावी लागते, ती मेकॅनिकवर सोपवा. त्याला कोड आणि मॉडेल नंबर फोनवरच सांगा.