फिल्म फेस्टिव्हलला जाताय? या चुका टाळा

मुंबईत चित्रपट महोत्सवांना तोटा नाही. मामी, म्हणजे मुंबई अकॅडमी ऑफ मूव्हिंग इमेज या संस्थेचा महोत्सव १९९७ मध्ये सुरू झाला. माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा मिफ १९९० पासून आहे, आशियाई सिनेमासाठी थर्ड आय आहे. तरी दर खेपेला गळ्यात पास अडकवलेली नवी मंडळी त्याच त्या चुका करतात आणि चांगला सिनेमा हुकवून हळहळत घरी जातात. ते बघवत नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक वेळापत्रकाची. नवखा माणूस शेड्यूल उघडतो आणि चित्रपट सुरू कधी होतो तेवढंच बघतो. संपतो कधी, हे बघतच नाही. मग सकाळी साडेदहाला कुलाब्यात रीगल, दुपारी दीडला जुहू, संध्याकाळी पुन्हा दक्षिणेला, असा बेत ठरतो. कागदावर तो सुरेख दिसतो. साडेदहाचा चित्रपट सव्वादोन तासांचा असला तर पाऊण वाजला. दिग्दर्शक आला असेल तर प्रश्नोत्तरांत एक वाजतो. मग चर्चगेटपर्यंत टॅक्सी, फास्ट लोकल, अंधेरीला उतरून रिक्षा. दीडला तुम्ही फार तर दादर ओलांडलेलं असतं.

आमच्या फिल्म सोसायटीत येणाऱ्या एका मुलाने नेमकं हेच केलं. डोंबिवलीहून पहाटेची गाडी पकडून आलेला, दिवसाला पाच चित्रपट बघायचेच असा निश्चय. सकाळचा इराणी चित्रपट संथ होता, पण शेवटच्या दहा मिनिटांसाठीच सगळं रचत आणलं होतं. त्याच्या थोडं आधी हा वाकून, लोकांच्या पायांवरून रांगेबाहेर पडला. जुहूला पोहोचला तोवर बुकिंगवाल्यांसाठी राखलेल्या जागा रश लाइनमधल्या, म्हणजे बुकिंगशिवाय रांगेत उभ्या असलेल्या लोकांना देऊन झाल्या होत्या. तिथली पद्धतच तशी असते: बुकिंग असलं तरी शो सुरू व्हायच्या आधी ठराविक वेळेपर्यंतच जागा धरून ठेवतात. एका चित्रपटाचा शेवट गेला, दुसरा अख्खा गेला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळे त्या शेवटाबद्दल बोलत होते आणि हा कानावर हात ठेवून उभा होता, कारण तो पुढे कधीतरी बघायला मिळेल अशी त्याला आशा होती. तो चित्रपट पुन्हा मुंबईत लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझी सवय सांगतो. एका दिवशी एकच थिएटर आणि तीन चित्रपट, फार तर चार. आधी त्या दिवसाचा न चुकवण्यासारखा एक चित्रपट ठरवायचा, मग त्याच थिएटरमध्ये पुढेमागे जे असेल ते घ्यायचं. दोन चित्रपटांमध्ये पाऊण तास मोकळा. मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागल्यापासून ‘आता सगळं जमतं’ म्हणणारे भेटतात. जुहूला ती जात नाही. आणि प्रवास जमला तरी दिवसाच्या पाचव्या चित्रपटातलं डोक्यात काय उरतं, हेही विचारा. संख्येच्या मागे लागलेल्यांना रात्री कथा विचारली, की दोन चित्रपट एकमेकांत मिसळलेले असतात.

दुसरी माझी चीड पारितोषिकांच्या मागे धावणाऱ्यांवर. फ्रान्समधला कान महोत्सव मे महिन्यात, इटलीतला व्हेनिस ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरात संपतो. तिथे गाजलेली नावं ऑक्टोबरात मामीत आली, की सगळे त्याच चार-पाच शोंवर तुटून पडतात. २०२४ च्या मामीची सुरुवात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ने झाली. कानचा ग्राँ प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळवलेला चित्रपट, गर्दी होणारच होती. पण त्याच नोव्हेंबरात तो इथल्या थिएटरांत रीतसर लागला. ज्याला वितरक मिळणार हे दिसतंय, त्यासाठी फेस्टिव्हलचा दिवस खर्च करू नका. कॅटलॉगमध्ये कोपऱ्यात पडलेले पहिलाच सिनेमा करणाऱ्या दिग्दर्शकांचे चित्रपट, जॉर्जियाचे, बोलिव्हियाचे, आपल्याच मराठीतले छोटे, तेच आधी धरा. ते परत येत नाहीत. कॅटलॉग वाचायला एक संध्याकाळ लागते. ती न देता कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘टॉप टेन’वर बुकिंग करणं मला पटत नाही.

शो उशिरा सुरू झाला की शिट्ट्या मारून उठून जाऊ नका. चित्रपट डिजिटल पॅकेज म्हणून कुलूपबंद येतो आणि त्याची डिजिटल किल्ली ठराविक थिएटरच्या ठराविक मशीनवर, ठराविक वेळेतच चालते. ती जुळली नाही की प्रोजेक्शनवाल्याला नवी मागवावी लागते, कधी दुसऱ्या खंडातून. ओरडून ती लवकर येत नाही.

तिकीट बुक करून येणार नसाल तर रद्द करा. तुमच्यामुळे बाहेर कुणीतरी तासभर उभं असतं.

सबटायटल्स पडद्याच्या तळाशी असतात. उतार कमी असलेल्या जुन्या थिएटरांत पुढच्या माणसाचं डोकं नेमकं तिथेच येतं, म्हणून अशा ठिकाणी कडेची खुर्ची पकडा.

मोबाइलचा उजेड दहा रांगा मागेही डोळ्यात जातो. वेळ बघायची असेल तर मनगटी घड्याळ घाला, न चमकणारं.

महोत्सवांतले परदेशी चित्रपट बहुधा सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय, खास सवलतीने दाखवले जातात. त्यामुळे वयाची अट असू शकते. लहान मुलांना घेऊन दारापर्यंत जाण्याआधी नियम वाचा.

२०२४ चा मिफ १५ ते २१ जूनला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर झाला. अशा दिवसांत भिजलेल्या शर्टाने एसीत दोन तास बसलात तर सिनेमाऐवजी थंडीच जाणवत राहते. पिशवीत कोरडा शर्ट ठेवा, पातळ शाल ठेवा. डबाही घ्या, पण तो बाहेर खा. अंधारात चिवड्याची पुडी उघडणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवतो.