पाणपोईचा नळ आपोआप बंद व्हावा म्हणून: इन्फ्रारेड सेन्सर कसा निवडावा

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ते दिवस ज्यांनी काढलेत, त्यांना पाणपोईचा वाहता नळ बघवत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या पाणपोईला आम्ही वेगळा नळ बसवला. पेला धरला की पाणी सुरू, काढला की बंद. सर्किट सोपं आहे: सेन्सर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो, तो पेल्यावरून परत आला की रिले हा विजेवर चालणारा स्विच नळाच्या व्हॉल्व्हला वीज देतो. डोकं लागतं ते सेन्सर निवडायला, कारण दुकानाच्या काउंटरवर चालणारा सेन्सर मे महिन्याच्या उन्हात चालेलच असं नाही.

आधी जागा बघा

काहीही विकत घेण्याआधी दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच वाजता पाणपोईपाशी उभं राहा. ऊन कुठून येतं, ते बघा. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि सेन्सरला ते आपल्या एलईडीच्या प्रकाशासारखंच दिसतं. पश्चिमेचं ऊन थेट सेन्सरच्या काचेवर पडणार असेल तर सेन्सरचं तोंड फिरवा किंवा वर पत्र्याचा आडोसा करा. हे काम फुकटात होतं आणि महागड्या सेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मग सेन्सर निवडा

बाजारात चार प्रकार सहज मिळतात.

दिव्यांसाठी वापरतात तो पीआयआर, म्हणजे एचसी-एसआर५०१, इथे घेऊ नका. तो स्वतः प्रकाश सोडत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागची पार्श्वभूमी यांतला फरक हलला की त्याला कळतं. आपल्याकडे मे महिन्यात भिंतच अंगाइतकी तापते, मग फरक उरतो कुठे? शिवाय पेला स्थिर धरला तर हालचाल नाही, म्हणून पाणी मध्येच थांबतं.

टीव्हीच्या रिमोटचे संकेत पकडणारा टीएसओपी १७३८ फक्त ३८ किलोहर्ट्झला लुकलुकणारा प्रकाश ओळखतो, म्हणून साधं ऊन त्याला तितकं फसवत नाही. पण समोरून तोच संकेत न थांबता येत राहिला तर तो गोंगाट समजून दाबून टाकतो. तुकड्यातुकड्यानं संकेत पाठवणारं सर्किट बांधता येत असेल तरच त्याच्या वाटेला जा.

निळ्या पट्टीवर एलईडी, परतलेला प्रकाश पकडणारा फोटोडायोड आणि तो पुरेसा आहे का हे ठरवणारा कंपॅरेटर असलेलं स्वस्त मॉड्यूल शिकायला उत्तम. सावलीत, घरात चालतं. रस्त्यावर नाही.

आम्ही शेवटी ई१८-डी८०एनके घेतला. बोटाएवढी आटे पाडलेली नळी, मागे अंतर ठरवायचा बारीक स्क्रू आणि लाल दिवा. तो लुकलुकता प्रकाश वापरतो, म्हणून उजेडात बराच टिकतो. ३ ते ८० सेंटिमीटरपर्यंत अंतर लावता येतं. तपकिरी वायर ५ व्होल्टला, निळी ग्राउंडला, काळी आउटपुट. वस्तू दिसली की काळी वायर ग्राउंडकडे ओढली जाते, म्हणून रिले मॉड्यूल ‘लो ट्रिगर’चंच, म्हणजे ग्राउंड मिळाल्यावर चालू होणारं मागा.

व्हॉल्व्ह घेताना फसू नका

अर्धा इंची १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलनं उघडणारा व्हॉल्व्ह, आम्ही आधी आणला आणि पाणी आलंच नाही. दोन तास सर्किट तपासत बसलो. चूक सर्किटची नव्हती. साध्या व्हॉल्व्हला उघडायला पाण्याचा दाब लागतो, बऱ्याच जातींना ०.०२ मेगापास्कल, म्हणजे टाकी नळापेक्षा साधारण दोन मीटर उंच हवी. पाणपोईची टाकी डोक्याएवढीही उंच नसते. म्हणून ‘झिरो प्रेशर’, म्हणजे दाबाशिवाय उघडणारा, आणि पिण्याच्या पाण्याला चालणारा, अशा दोन्ही अटी सांगून व्हॉल्व्ह मागा. वीज नसताना बंद राहणारा, म्हणजे ‘नॉर्मली क्लोज्ड’ घ्या. वीज गेल्यावर तहानलेला माणूस परत जाऊ नये म्हणून शेजारी एक साधी तोटी ठेवाच.

जोडणी

१२ व्होल्ट २ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर घरात, कोरड्या जागी ठेवा. पाण्यापाशी फक्त १२ व्होल्टची वायर न्या. सेन्सर आणि रिलेसाठी ७८०५ हा व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर लावून ५ व्होल्ट काढा. व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर १एन ४००७ डायोड उलटा लावा, पट्टी प्लसकडे. व्हॉल्व्ह बंद होताना कॉइलमधून उलटा झटका येतो, तो रिलेचे पॉइंट जाळतो.

निळं मॉड्यूल न घेता सुटे भाग जुळवून शिकायचं असेल तर ९४० नॅनोमीटरचा एलईडी ५ व्होल्टवर २२० ओहमच्या रेझिस्टरमधून द्या, साधारण १७ मिलिअँपियर जातात. तो पेटलाय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट ठिपका दिसेल. फोटोडायोड उलट्या दिशेनं, दहा हजार ओहमच्या रेझिस्टरसह लावा आणि दोघांच्या मध्ये काळ्या टेपचा पडदा घाला.

अंतर लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या दिवशी पेला काढला तरी नळ चालूच राहिला, कारण सेन्सर खाली पडणारी धारच बघत होता. सेन्सर मागून धारेकडे सरळ रोखा, पण अंतर असं लावा की पेल्याची जवळची कड दिसावी आणि धारेपर्यंत नजर पोचू नये. सेन्सर तिरका करून धार चुकवायला गेलात तर चकचकीत स्टीलच्या गोल पेल्यावरून प्रकाश भलतीकडेच जातो.

काळी बाटली मात्र प्रकाश गिळते, म्हणून तिला कमी अंतरातच पकडता येतं. स्क्रू आधी काळ्या बाटलीवर लावा, मग धार सोडून बघा. धारेला लाल दिवा लागला तर स्क्रू मागे न फिरवता सेन्सरच एखादा सेंटिमीटर मागे सरकवा. तोंडावर काळ्या पाइपचा छोटा तुकडा बसवा, आतूनही काळा. पांढऱ्या पाइपच्या कडेवरूनच प्रकाश परत येऊ शकतो.

आता दुपारी दोनला स्टीलचा पेला, काळी बाटली आणि लहान मुलाची ओंजळ, तिन्ही आळीपाळीनं धरून बघा. वीस वेळा लागोपाठ नळ नीट बंद झाला की सर्किटच्या डबीचं झाकण बसवा. सेन्सरच्या काचेवरची धूळ मात्र दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायला कुणाला तरी सांगून ठेवा.