घरात आणि रस्त्याकडेला पीएम २.५ मोजायचं कसं

पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते मोजणारा एअर क्वालिटी मॉनिटर आता ऑनलाईन सहज मिळतो, पण तो आणून टीव्हीशेजारी ठेवला आणि येता जाता आकडा बघितला तर हाताला काही लागत नाही. मोजायचं म्हणजे तुलना करायची, खिडकी उघडी असताना किती नि बंद असताना किती, फोडणीआधी किती नि नंतर किती. स्वस्त सेन्सरचा सुटा आकडा बराच चुकू शकतो, पण त्याच सेन्सरने त्याच दिवशी घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक भरवशाचा असतो.

घेताना आत कुठला सेन्सर आहे ते विचारा, बऱ्याच मॉनिटरमध्ये प्लँटॉवरचा पीएमएस५००३ नाहीतर सेन्सिरियनचा एसपीएस३० असतो आणि दोन्ही कामाचे आहेत. छोटा फॅन हवा आत ओढतो, त्यातल्या कणांवर लेझर पडतो, आणि कणांवरून किती उजेड उडतो त्यावरून वजनाचा अंदाज निघतो. म्हणजे वजन कोणी करत नाही, हे कायम लक्षात ठेवा. म्हणूनच पीएम १० च्या, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, आकड्यावर फार विसंबू नका, बांधकामाची किंवा रस्त्याची जाड धूळ हे सेन्सर नीट पकडत नाहीत. आणि साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्यांना दिसतच नाहीत, आणि डिझेलच्या ताज्या धुरात संख्येने बघितलं तर बहुतेक कण त्याहून बारीक असतात, त्यामुळे सिग्नलला बस तोंडावर धूर सोडून गेली तरी आकडा जेवढा उडायला हवा तेवढा उडत नाही. आकडा कमी आला म्हणून तिथे उभं राहणं सेफ आहे असं अजिबात समजू नका.

सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले आधी मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर करा. एक्यूआयवर, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकावर, ठेवलात की गोंधळ होतो, कारण काही मॉनिटर अमेरिकन एक्यूआय दाखवतात, आपला वेगळा आहे. आपल्याकडे पीएम २.५ ६० मायक्रोग्रॅम असेल तर एक्यूआय १०० होतो, आणि तोही २४ तासांच्या सरासरीवर. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) समीर ॲपवरचा एक्यूआय आणि तुमच्या मॉनिटरवरचा या मिनिटाचा आकडा शेजारी ठेवून काही उपयोग नाही. सरकारी स्टेशन घराजवळ असेल तर सीपीसीबीच्या साईटवर तासातासाचे मायक्रोग्रॅम मिळतात, मॉनिटर त्या भागात काही तास उघड्यावर ठेवून तुमची तासाची सरासरी त्याच्याशी ताडून बघा. कोणाकडे दुसरा मॉनिटर असेल तर दोन्ही एकाच टेबलावर दिवसभर ठेवा, एक कायम जास्त दाखवत असेल तर तो फरक लिहून ठेवा आणि मगच एक आत, एक बाहेर करा.

घरात मॉनिटर ठेवायचा तो आपण बसल्यावर आपलं नाक असतं त्या उंचीला, बेडरूममध्ये उशीच्या उंचीला. फॅनचा किंवा एसीचा झोत नको, थेट ऊन नको. गॅसच्या शेजारी तर नकोच, तेलाची वाफ आत जाऊन बसते, किचनच्या दाराशी ठेवा. सोबत वही हवीच: ८:१० फोडणी, ८:३० उदबत्ती, ९ ला केर काढला. वहीशिवाय ग्राफ म्हणजे नुसते डोंगर. फोडणीनंतर आकडा निम्म्यावर यायला किती मिनिटं लागतात ते एकदा खिडकी बंद ठेवून आणि एकदा उघडून मोजा, तुमच्या घराची हवा किती खेळती आहे ते तिथे कळतं. आणि घरात लहान मूल असेल, रात्री दार बंद करून मच्छरांची कॉइल लावत असाल, तर बाकी सगळं राहू दे, ती रात्र आधी मोजा.

रस्त्याला एकाच फेरीत मोजायचं, आधी कडेला दहा मिनिटं, मग आतल्या गल्लीत दहा मिनिटं, आणि परत कडेला. कडेचे दोन आकडे खूप वेगळे आले तर मधल्या वेळात सगळ्या भागाचीच हवा बदलली, ती फेरी सोडून द्या. मॉनिटरच्या फॅनचं तोंड वाऱ्याकडे नको, आणि चालत्या गाडीच्या खिडकीत धरून मोजू नका. गल्लीतला फरक अपेक्षेपेक्षा कमी दिसेल, पीएम २.५ शहरभर पसरलेलं असतं, रस्त्यापासून झपाट्याने कमी होतात ते धुरातले अतिबारीक कण, जे या सेन्सरला दिसत नाहीत.

दमट हवेत जपून. ८० टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो, म्हणून पावसाळ्यात आणि पहाटेच्या धुक्यात आकड्याशेजारी ह्युमिडिटी पण लिहा.

मर्यादा बघायची तर २४ तासांच्या सरासरीला बघा, फोडणीच्या शिखराला नाही. भारताची ६० मायक्रोग्रॅम आहे, डब्ल्यूएचओची २०२१ पासून १५. आठवडाभराचा ग्राफ झाला की रस्त्याकडची खिडकी कुठल्या तासांना बंद ठेवायची आणि मागची कधी उघडायची ते सरळ दिसतं, फक्त दिवाळीचा आठवडा त्यात धरू नका, तो वेगळा मोजा.