ऑनलाइन हायस्कूल क्रेडिट घेताय? या चुका टाळा

रविवारी मराठी शाळा सुटली की मुलं पार्किंग लॉटमध्ये हुंदडतात आणि आम्ही पालक चहाच्या थर्मासभोवती उभे राहतो. एप्रिल लागला की विषय ठरलेला असतो. "समरला जॉमेट्री ऑनलाइन करून टाकू म्हणतोय, कुठली वेबसाइट चांगली?" कॅलिफोर्नियात इतकी वर्षं काढल्यावर मी या प्रश्नाला उत्तर देत नाही, उलट विचारते, "शाळेला विचारलंत का?"

आमच्या थोरल्याच्या वेळी मी नव्हतं विचारलं. आठवीनंतरच्या सुट्टीत तो सहा आठवडे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि कंपासपेटी घेऊन बसला. ए ग्रेड मिळाली. ऑगस्टमध्ये मी ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे गुणपत्रिकेची, प्रिंट घेऊन ऐटीत शाळेच्या काउन्सेलरकडे गेले. तिने कागद पाहिला आणि गोड आवाजात विचारलं, "अप्रूव्हल फॉर्म?" बाहेरचा कोर्स घ्यायचा तर सुरू करण्याआधी शाळेची सही लागते, नंतर नाही. फॉर्म नाही, म्हणून क्रेडिटही नाही, म्हणजे तो विषय पूर्ण झाल्याची शाळेच्या खात्यात नोंद नाही. पोराने नववीत तीच जॉमेट्री, तीच प्रमेयं पुन्हा गिरवली. वर्षभर माझ्याशी गणितावर तो एक शब्द बोलला नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. ऑनलाइन शाळा कोर्स शिकवते आणि ग्रेड देते, पण तुमच्या मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट चढवायचं की नाही हे त्याची स्वतःची हायस्कूल ठरवते. न्यू जर्सीत यासाठी 'ऑप्शन टू' नावाची वाट आहे, पण तिचे तपशील प्रत्येक डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारं मंडळ) आपापले ठरवतं. काही जण वरच्या गणिताला बसायची परवानगी देतात पण क्रेडिट देत नाहीत, काही क्रेडिट देतात पण ग्रेड जीपीएत (सगळ्या ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत. हे तीन वेगळे प्रश्न आहेत: वरच्या वर्गात बसवणार का, क्रेडिट मिळणार का, जीपीएत मोजणार का. तिन्ही ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. काउन्सेलर बदलतात, फोनवरचं बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी चूक म्हणजे 'अ‍ॅक्रेडिटेड' हा शब्द वाचून निर्धास्त होणं. कॉग्निया किंवा वॉस्क या शाळांना मान्यता देणाऱ्या संस्था, त्यांची मान्यता ही पहिली चाळणी झाली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, म्हणजे यूसीची, चाळणी वेगळी. तिथे प्रवेशासाठी ए-जी विषयगटांतले (यूसीने ए ते जी अशी अक्षरं देऊन ठरवलेले विषय) पूर्ण वर्षाचे १५ कोर्स लागतात आणि त्यातले ११ बारावी सुरू होण्याआधी संपवावे लागतात. हे कोर्स यूसीच्या मान्य यादीत असायला हवेत. इथे एक बारीक मेख आहे, ती मला दुसऱ्या मुलाच्या वेळी कळली. काही ऑनलाइन शाळांची स्वतःची ए-जी यादी असते, तिथे काम सरळ असतं. पण काही कंपन्या फक्त कोर्स बनवतात. त्यांचा कोर्स यूसीला मान्य असला, तरी तुमच्या हायस्कूलने तो आपल्या यादीत घातलेला असावा लागतो. जाहिरातीत दोन्हीकडे 'यूसी अप्रूव्हड' असंच लिहिलेलं असतं. म्हणून यूसीच्या साइटवर शाळेचं नाव टाकून, त्याच शैक्षणिक वर्षाची यादी उघडून, कोर्सचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. 'जॉमेट्री' आणि 'जॉमेट्री फाउंडेशन्स' हे एकच असतील असं धरून चालू नका.

खान अकॅडमीवर पूर्ण अल्जेब्रा केला किंवा कोर्सेराचं सर्टिफिकेट मिळवलं, म्हणून क्रेडिट मिळत नाही. शिकायला दोन्ही उत्तम, पण कॉलेजच्या अर्जात त्यांची जागा वेगळी.

क्रेडिटच्या आकड्यांनी तर भलेभले गोंधळतात. एका वर्षाच्या कोर्सला बऱ्याच ठिकाणी १ क्रेडिट, न्यू जर्सीत साधारण ५, कॅलिफोर्नियात बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये १०. मुळात हे सगळं कार्नेगी युनिटवरून आलं, म्हणजे एका विषयाचे वर्षाला सुमारे १२० तास. ऑनलाइन शाळेने '०.५ क्रेडिट' लिहिलं असेल तर तो एका सेमिस्टरचा कोर्स. आमच्या ग्रुपमधल्या एका बाबांनी वर्षाचा कोर्स समजून अर्धाच घेतला होता. 'बी', म्हणजे दुसऱ्या, सेमिस्टरसाठी वेगळी फी भरायची असते हे त्यांना जुलैत कळलं.

मग येतो 'सेल्फ-पेस्ड' नावाचा सापळा. आपल्या वेगाने शिका म्हटलं की पंधरा वर्षांच्या पोराचा वेग काय असतो हे घरोघरी माहीत आहे. जूनमध्ये दोन धडे, जुलैत सहल, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्री दीडपर्यंत जागरण. शेवटच्या परीक्षेला बऱ्याचदा प्रॉक्टर, म्हणजे देखरेख करणारा पर्यवेक्षक, लागतो आणि त्याची वेळ आधी घ्यावी लागते. ग्रेड लागायला वेळ, ट्रान्सक्रिप्ट निघायला वेळ. तोवर शाळेचं टाइमटेबल ठरून गेलेलं असतं. घाईत डी आला तर आणखी पंचाईत, कारण यूसीच्या ए-जीसाठी किमान सी लागतो. डी किंवा एफ आल्यास कोर्स पुन्हा करता येतो, पण सी मिळालेला कोर्स बी करायच्या हट्टाने पुन्हा केला, तर यूसी ती नवी ग्रेड धरतच नाही. ते पैसे आणि ती सुट्टी, दोन्ही पाण्यात.

ऑनलाइन एपी कोर्स (हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाने अभ्यासक्रम तपासून मान्य केलेला असेल तरच कोर्सला एपी हे नाव लावता येतं, आणि ती यादी कुणालाही पाहता येते. दुसरं म्हणजे कोर्स ऑनलाइन असला तरी मेमधली परीक्षा एखाद्या शाळेतूनच द्यावी लागते, आणि वर्षभराच्या कोर्सची नोंदणी आदल्या नोव्हेंबरात बंद होते. मार्चमध्ये "आता शाळा शोधू" म्हणणारे दर वर्षी भेटतात.

मूल टेनिस किंवा पोहण्यातून कॉलेजच्या टीमकडे बघत असेल तर एनसीएएचे, म्हणजे कॉलेजांमधल्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेचे, नियम वेगळे आहेत. १६ कोअर कोर्स (गणित, इंग्रजी असे मुख्य विषय) लागतात, आणि ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकाचा मुलाशी नियमित संपर्क असावा लागतो. नुसते व्हिडिओ आणि क्विझ चालत नाहीत.

कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) ऑनलाइन वर्ग हा मला स्वतःला सगळ्यात पटलेला मार्ग. यूसी तीन युनिटांचा एक सेमिस्टर कोर्स हायस्कूलच्या वर्षाइतका धरते. पण ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते. नववीतल्या मुलाला उगाच तिथे ढकलू नका.

अर्ज भरताना लपवाछपवी नको. यूसीच्या अर्जात ग्रेड मुलांनी स्वतः भरायच्या असतात, ट्रान्सक्रिप्ट नंतर जातं. म्हणून काहींना वाटतं की ऑनलाइनचा तो सी नाही लिहिला तर कोण बघतंय? प्रवेश मिळाल्यावर अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवतात आणि तफावत दिसली तर प्रवेश रद्द होऊ शकतो. चालू असलेला कोर्स डिसेंबरात सोडला तर तेही कळवावं लागतं.

भारतात परतायचा विचार असेल तर आणखी एक दार ठोठावा. तिथल्या विद्यापीठांना परदेशी शिक्षणासाठी समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे ते तिथल्या शिक्षणाच्या तोडीचं असल्याचा दाखला, लागतं. ऑनलाइन हायस्कूलचा डिप्लोमा तिथे चालेल का, हे पुण्याची तिकिटं काढण्याआधी विचारा.

आता, चूक आधीच झाली असेल तर? कोर्स झाला पण शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसत नसेल, तर आधी बघा कागद पोचलाय का. तुम्ही डाउनलोड केलेली पीडीएफ अधिकृत नसते. ऑनलाइन शाळेला फी भरून अधिकृत प्रत थेट तुमच्या हायस्कूलच्या रजिस्ट्रारकडे (नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे) पाठवायला सांगावी लागते, आणि जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग जुळलं नाही तर ती तिथेच पडून राहते. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून येतं, तिथे हमखास घोळ होतो. परवानगीच राहिली असेल तर प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कुठल्या वर्गात बसेल हे ठरवणारी परीक्षा, मागा. क्रेडिट नाही मिळालं तरी पोराला वरच्या वर्गात बसता येईल. आणि शाळेने क्रेडिट नाकारलं तरी ऑनलाइन शाळेची स्वतःची ए-जी यादी असेल, तर यूसीच्या अर्जात त्या शाळेच्या नावाखाली तो कोर्स भरा. थोरल्याच्या वेळी हे मला माहीत नव्हतं. त्याला अजून सांगितलेलं नाही.