वेल्सचे नावाजलेले पदार्थ घरी आणताय? या चुका टाळा

वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणे आले, की परतीच्या आदला दिवस खरेदीचा ठरलेला. चीज, मीठ, तव्यावर भाजलेले वेल्श केक, कुणाच्या तरी भावजींसाठी व्हिस्की. मग पंधरा दिवसांनी फोन येतो. "अगं, त्या केकचे दगड झाले." "त्या महागड्या मिठाला खारटपणाच नाही." अशा वेळी मला मनापासून वाईट वाटतं, कारण वस्तू खरोखर उत्तम असते. चुकतं ते निवडताना, नाहीतर घरी आणल्यावर हाताळताना.

स्टिकर पाहून गाव ठरवणं

'ग्रेट टेस्ट'चा तारे असलेला शिक्का बऱ्याच वेल्श डब्यांवर दिसतो. १९९४ पासून चालत आलेला हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार. परीक्षकांसमोर पदार्थ वेष्टन काढून येतो, कुणी केलाय हे त्यांना माहीत नसतं, आणि चवीवरून एक, दोन किंवा तीन तारे मिळतात. पण हे तारे त्या एका पदार्थाचे असतात. त्याच कंपनीच्या दुसऱ्या बरणीला ते लागू होत नाहीत. शिक्क्यावरचं वर्षही बघा.

पदार्थ कुठला, हे सांगणारी खूण वेगळी: भौगोलिक मानांकनाची. सांगलीच्या बेदाण्याला किंवा कोल्हापूरच्या गुळाला आहे, तशीच. केअरफिली चीजचं उदाहरण घ्या. नाव वेल्समधल्या गावाचं, पण इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्येही ते पिढ्यानपिढ्या बनतंय. दुसऱ्या महायुद्धात दूध चेडर या दुसऱ्या चीजकडे वळवलं गेलं आणि वेल्समध्ये केअरफिली करणंच थांबलं. ते पुन्हा उभं करायला तिथल्या शेतकऱ्यांना काही दशकं लागली. २०१८ साली 'ट्रॅडिशनल वेल्श केअरफिली' या नावाला संरक्षण मिळालं, म्हणून हे पूर्ण नाव असेल तरच वेल्सचं दूध आणि वेल्समध्ये बनवलेलं याची खात्री. सॉमरसेटचं केअरफिली वाईट असतं असं अजिबात नाही. पण वेल्सचं हवं असेल, तर लेबल शेवटपर्यंत वाचा.

हिरवा ठिपका शोधत बसणं

शाकाहारी मंडळींसाठी हे महत्त्वाचं. भारतासारखा सक्तीचा हिरवा-तपकिरी ठिपका ब्रिटनमध्ये नाही. वेल्श केकमध्ये पूर्वापार डुकराची चरबी, म्हणजे लार्ड, घालतात. आता बरेच जण लोणी वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. अंडं तर असतंच. चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, कुठलं हे बघा: वासराच्या जठरातलं की शाकाहारी. उलट गंमत म्हणजे 'ग्लॅमॉर्गन सॉसेज' हे नाव ऐकून आपली माणसं दचकतात, आणि त्यात मांस मुळीच नसतं. केअरफिली, लीक नावाची कांद्याच्या कुळातली पात आणि पावाचा चुरा. घरी करताना ती तेलात फुटत असेल, तर लीकमध्ये पाणी राहिलंय. आधी लोण्यावर परतून ओल उडू द्या, वळलेल्या सॉसेज अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मगच तळा.

वेल्श केकचे दगड का होतात

यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हा पदार्थ आपल्या तव्यावर इतका सुंदर होतो, की तो बिघडलेला मला बघवत नाही. वेल्समध्ये त्याला 'माइन'वरचे, म्हणजे दगडावरचे, केक म्हणतात. दगडाची जागा पुढे जाड लोखंडी तव्याने घेतली. आपला बिडाचा तवा अगदी तस्साच. नॉनस्टिक टाळा, त्यावर तो खरपूस रंग येत नाही.

माझं माप: मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, थंड लोणी ११० ग्रॅम, साखर ८५ ग्रॅम, करंट्स ५० ग्रॅम, एक अंडं, चिमूटभर जायफळ-दालचिनी आणि मीठ. करंट्स म्हणजे बारीक काळे बेदाणे. ते नसतील तर काळे मनुके बिया काढून बारीक चिरा. अख्खे मनुके लाटताना टोचतात, तव्यावर बाहेर येऊन जळतात आणि कडू लागतात.

पहिली चूक मळण्यात होते. हाताला कणकेची सवय, म्हणून आपण मळत सुटतो. इथे मळायचंच नाही. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं. रव्यासारखं झालं, की साखर, मसाला आणि करंट्स मिसळून अंड्याने जेमतेम गोळा करायचा. कोरडं वाटलं तरच चमचाभर दूध. गोळा गुळगुळीत दिसू लागला, तर समजा जास्त मळलात आणि केक चिवट होणार.

दुसरी चूक लाटण्यात. पोळीसारखं पातळ नको, साधारण एक सेंटिमीटर जाड ठेवा. वाटीने किंवा पेल्याने गोल कापा.

तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक आचेची. भाकरीला तापवतो तेवढा तवा तापवलात, तर बाहेरून काळं आणि आत कच्चं पीठ. तव्यावर चिमूटभर मैदा टाकून बघा. अर्ध्या मिनिटात हलका बदामी झाला तर ठीक. लगेच करपला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. तव्याला लोण्याचा नुसता हात फिरवा. मंद आचेवर एका बाजूने तीन मिनिटं, उलटून पुन्हा तीन. कडा मऊ आणि फिकट राहिल्या पाहिजेत. त्या कडक झाल्या की वेळ निघून गेली. गरम असतानाच साखरेत घोळवा. विकतचे केक शिळे वाटले, तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, त्याच तव्यावर मिनिटभर शेका.

मीठ डाळीत, कोकरू कुकरमध्ये

हालेन मोन, म्हणजे अँगलसी बेटाचं मीठ. मेनाई सामुद्रधुनीच्या पाण्यापासून बनतं आणि त्याचं नाव २०१४ पासून संरक्षित आहे. त्याच्या पापुद्र्यांमध्ये हवा असते, त्यामुळे चमच्याच्या मापाने घातलं तर ते बारीक मिठापेक्षा वजनाला कमीच पडतं. "खारटपणा नाही" या तक्रारीचं मूळ हेच. डाळीत विरघळवलंत तर त्याचा कुरकुरीतपणा वाया गेला. चिरलेल्या टोमॅटोवर, उकडलेल्या अंड्यावर, खाण्याच्या क्षणी बोटांनी चुरडून टाका.

वेल्श लँबचंही तसंच. आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक बोकड, आणि त्याला शिट्ट्या लागतात. लँब वर्षाच्या आतलं, कोवळं आणि चरबीचं. पाच शिट्ट्यांत त्याच्या दोऱ्या होतात आणि रश्श्यावर तेलाचा थर येतो. गावर द्वीपकल्पाच्या खाऱ्या दलदलीत चरलेल्या कोकरांचं मांस मिळालं, तर कांदा-लसूण मसाला त्या दिवशी बाजूला ठेवा, एवढी माझी कळकळीची विनंती. मीठ, मिरी, लसूण पुरे.

आणि पेम्ब्रुकशरचे कोवळे बटाटे बटाटेवड्याला वापरू नका. ते मेणचट असतात, कुस्करले की सारण चिकट होतं. मे ते जुलैमधला माल. साल अंगठ्याने निघते, सोलायची गरज नाही. आणल्यापासून तीन-चार दिवसांत उकडून लोण्याबरोबर खा.

चीज, व्हिस्की आणि काळा लगदा

केअरफिली प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं, तर घामेजतं. उघडं ठेवलं, तर सुकतं. मेणकागदात गुंडाळून डब्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, आधीच भुसभुशीत असतं, त्याचा भुगा होईल. खाण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. गार चीजला चव नसते.

वेल्समधल्या पेन्डेरिनची व्हिस्की २००४ च्या १ मार्चला, म्हणजे वेल्सचे पालक संत डेव्हिड यांच्या दिवशी, बाजारात आली. बाटली आडवी ठेवू नका, कडक दारूने बूच खराब होतं. पहिला घोट सोड्याशिवाय घ्या, हवं तर पाण्याचे चार थेंब.

राहिला लेव्हरब्रेड. नावात ब्रेड असला तरी हे समुद्री शेवाळ आहे, कित्येक तास शिजवून वाटलेलं. डबा उघडला, की काळपट हिरवा लगदा दिसतो आणि बहुतेक जण तो तसाच चमच्याने चाखून झाकण लावतात. तसं करू नका. दोन वाट्या लगद्यात वाटीभर ओट्स मिसळा, पाच मिनिटं मुरू द्या, छोट्या टिक्क्या थापा आणि लोण्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत भाजा. वरून लिंबू पिळायला विसरू नका.