वाद्यं बदलली आणि अडकलेलं रेकॉर्डिंग सुटलं
आमच्या बँडचं रेकॉर्डिंग पार अडकलं होतं, मी बेस गिटारवर, ड्रमर म्हणायचा तू मागे पडतोयस, मी म्हणायचो तू पळतोयस, रोजची धुसफूस. शेवटी तासभर वाद्यंच बदलली. मी ड्रम्सवर, ड्रमरने गिटार घेतली, गिटारवाल्याने बेस घेतला (त्याला सोपं गेलं, बेसच्या 4 तारा म्हणजे गिटारच्या जाड 4 तारांचेच सूर, एक सप्तक खाली). 10 मिनिटांत माझी पोटरी भरून आली, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) सांभाळताना बेसकडे किती कान लावावा लागतो ते तेव्हा कळलं, तिथंच ड्रमरला सॉरी म्हटलं. त्याला गिटारवर दोनच सूर येत होते, तेच वाजवत राहिला, मधे भरपूर जागा सोडत, आणि ती जागाच इतकी गोड वाटली की लगेच फोनवर रेकॉर्ड केलं. मग आपापली वाद्यं घेऊन त्याच दोन सुरांवर नवा ट्रॅक केला, तिसरा टेक ओके.