मशीन आपली, मग खर्च कुणाचा? सोलापुरातल्या जॉबवर्कवाल्यांसाठी आयकराचा हिशेब

नीलम नगर, विडी घरकुल भागात घरातच दोन-तीन मशीन टाकून युनिफॉर्म शिवणाऱ्या बायका, यंत्रमाग दुरुस्त करत कारखान्या-कारखान्यांतून फिरणारे फिटर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंगची कामं घेणारे. मार्च जवळ आला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "मशीन आपल्या पैशाची की, मग कर भरताना तिचा खर्च का धरत नाहीत?" याचं उत्तर मिळण्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार की धंदेवाले?

आधी आपली जागा ओळखा

आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापून जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडा. काम देणाऱ्या कारखानदाराने तुमचा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कोणत्या कलमाखाली कापलाय ते तिथे दिसतं. १९२ असेल तर तो तुम्हाला पगारी कामगार दाखवतोय. मग नव्या कररचनेत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पगारदारांना मिळणारी ठरावीक सूट) मिळते, पण घरून आणलेल्या मशीनचा एक रुपयाही वेगळा धरता येत नाही. १९४सी असेल तर तुम्ही कंत्राटदार. व्यक्तीच्या नावावर १ टक्का कापतात, तोही एका बिलाची रक्कम ३०,००० च्या किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली तरच. पॅन दिला नसेल तर मात्र थेट २० टक्के जातात, म्हणून पॅन पहिल्या दिवशीच द्या.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे त्यानंतर कापलेल्या टीडीएसला नवे आकडे दिसतील. बाजारात अजून जुन्याच आकड्यांनी बोलतात, म्हणून मीही तेच वापरतोय.

कागदावर काहीही लिहिलं असलं तरी खरी परिस्थिती तपासा. कामाची वेळ तुम्ही ठरवता का? मशीन, सुया, वीज तुमची का? आजारी पडलात तर भावजयीला बसवून माल पूर्ण करता येतो का? पीस बिघडला तर भुर्दंड तुमच्यावर पडतो का? चारही उत्तरं 'हो' असतील तर तुम्ही धंदा करता. उलट रोज नऊला हजेरी, मशीन कारखान्याची, पीएफ कापला जातोय आणि तरीही कागदावर 'कंत्राटदार' लिहिलंय, असं असेल तर तो तुमच्यावर अन्याय आहे. तिथे खर्च दाखवायच्या मागे न लागता आधी आपल्या हक्काचं बोला.

मग दोनपैकी एक रस्ता धरा

पहिला रस्ता ४४एडीचा, म्हणजे छोट्या धंद्याचा नफा अंदाजाने धरणाऱ्या कलमाचा. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर वह्या न ठेवता बँकेतून आलेल्या मजुरीवर किमान ६ टक्के आणि रोखीने आलेल्या मजुरीवर किमान ८ टक्के नफा दाखवायचा. समजा वर्षाची मजुरी ९ लाख, सगळी खात्यात. किमान नफा ५४,००० रुपये. प्रत्यक्षात जास्त सुटत असेल तर जास्तच दाखवायचा. ६ टक्के हा तळ आहे, सवलत नव्हे. आणि खरं सांगायचं तर कमी नफा दाखवून आपलंच नुकसान होतं. उद्या मशीनसाठी कर्ज मागायला गेलात की बँक हेच रिटर्न मागते.

या रस्त्यावर मशीन वेगळी धरता येत नाही. तिचा खर्च त्या उरलेल्या ९४ टक्क्यांत आलाच, असं कायदा मानतो. एवढंच नाही, घसारा (वापरामुळे मशीनची जी किंमत घटते ती खर्चात धरणं) हाही दरवर्षी मिळून गेला असं समजून मशीनची कागदावरची किंमत कमी होत राहते. बरेच जण इथेच अडकतात: चार वर्षं ४४एडी, पाचव्या वर्षी वह्या लिहायला घेतल्या आणि मशीन मूळ किमतीला दाखवली. ते चालत नाही. शिवाय एकदा ४४एडी धरून पुढच्या पाच वर्षांत मध्येच सोडलंत, तर त्यानंतरची पाच वर्षं परत येता येत नाही. त्यात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही मागे लागतं.

इंजिनिअर, आर्किटेक्ट, इंटिरिअर डेकोरेटर यांच्यासाठी ४४एडीए वेगळं. तिथे निम्मी फी नफा धरतात.

दुसरा रस्ता वह्यांचा. नवीन मशीन घेतली, कारागीर ठेवले, भाडं, वीज, व्याज भरून हातात खरोखर थोडंच उरतंय, तर हाच रस्ता बरा.

वह्या ठेवणार असाल तर मशीन अशी लिहा

मशीन घेतली त्या वर्षी पूर्ण किंमत खर्चात टाकता येत नाही. यंत्रावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के, संगणकावर ४० टक्के, टेबल-रॅकवर १० टक्के घसारा. नव्या कररचनेतही हा नेहमीचा घसारा मिळतो. पण ३१ मार्चपर्यंत १८० दिवस वापर झाला नसेल तर पहिल्या वर्षी निम्माच. हिशेब केला तर ती सीमा ३ ऑक्टोबरला येते.

आपल्याकडे मशीन दसऱ्याला किंवा पाडव्याला घ्यायची रीत आहे. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी ४०,००० ची ओव्हरलॉक पूजा करून लगेच चालू केली असेल तर ६,००० रुपये घसारा. तीच दिवाळी पाडव्याला घेतली असेल तर ३,०००. उरलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळतो. दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर येईल त्या वर्षी मात्र मुहूर्त आणि हिशेब जुळणार नाहीत. गरज आहे तेव्हा मशीन घ्या, पण चालू कधी केली त्याची नोंद ठेवा. गोडाऊनमध्ये पॅक पडलेल्या मशीनवर घसारा नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे रोख. एका दिवसात एकाच दुकानदाराला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरलीच जात नाही. ओळखीचा दुकानदार 'रोख द्या, दोन हजार कमी करतो' म्हणतो, तेव्हा तो तुमचा वर्षानुवर्षांचा घसारा काढून घेत असतो. यूपीआय किंवा चेक, आणि आपल्या नावाचं पक्कं बिल. सुताच्या खरेदीला आणि इतर खर्चांनाही हीच १०,००० ची अट आहे.

सुया, ब्लेड, बेल्ट, तेल, दुरुस्ती हे त्याच वर्षीचे पूर्ण खर्च. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. घर आणि कारखाना एकाच मीटरवर असेल, मोबाईल किंवा गाडी दोन्हीकडे वापरत असाल, तर धंद्यापुरता वाटाच धरा आणि तो कसा काढला ते वहीच्या पानावर लिहून ठेवा. जुनी मशीन विकली तर आलेले पैसे यंत्रांच्या एकूण शिल्लक किमतीतून वजा करायचे.

जीएसटी नोंदणी असेल आणि मशीनवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल (म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वळता केला असेल), तर त्या रकमेवर घसारा घेऊ नका. नुसती मजुरी करणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते.

शेवटी भरायचं काय

रिटर्नचा फॉर्म ४४एडीवाल्यांना आयटीआर-४, वह्यावाल्यांना आयटीआर-३. २०२५-२६ पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य होतो, तरीही रिटर्न भरा. ९ लाखांच्या मजुरीवर कापलेले ९,००० रुपये त्याशिवाय परत मिळत नाहीत. कर लागत असेल तर ४४एडीवाल्यांनी आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा. व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० रुपये वेगळे, ते राज्य सरकारला जातात.